डॅनिश आधुनिक फर्निचर : कारागिरी, शिक्षण आणि सहकार यांचा समन्वय

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये घडविलेल्या फर्निचरने जगभरच्या घरांचे, कार्यालयांचे आणि सभागृहांचे अंतरंग बदलून टाकले. १९५० च्या सुमारास या देशाची लोकसंख्या अवघी ४३ लाखांच्या आसपास होती. इमारती लाकडाची विपुलता नाही, लोखंड वा कोळशाच्या खाणी नाहीत आणि अवजड उद्योगांची मोठी परंपराही नाही, अशा या देशातील खुर्च्या, टेबले व कपाटे न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत जाऊन बसली आणि 'डॅनिश मॉडर्न' हे नाव अभिरुचीचा एक मानदंड ठरले.

या यशाचे वर्णन बहुधा थोर डिझायनरांच्या नामावळीच्या आधारे केले जाते. हान्स वेग्नर, फिन यूल, बोर्गे मोगेन्सन, आर्ने याकोबसन ही नावे वारंवार घेतली जातात व त्यांची प्रतिभा हेच सर्व यशाचे मूळ मानले जाते. त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि एका लहान देशात, एकाच पिढीत, एवढ्या संख्येने प्रतिभावंत निपजावेत हा केवळ योगायोग मानता येत नाही. त्यांच्यामागे एक व्यवस्था उभी होती. मापनावर आधारलेले शिक्षण, कारागिरांच्या संघाची वार्षिक प्रदर्शने, ग्राहकांची सहकारी चळवळ आणि नवे तंत्र स्वीकारणारे कारखाने हे त्या व्यवस्थेचे चार घटक होत. प्रस्तुत लेखात या चार घटकांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. त्याचबरोबर या व्यवस्थेत दडलेल्या एका विसंगतीचाही विचार केला आहे. उत्तम वस्तू सर्वसामान्यांच्या घरात पोहोचावी हे ध्येय आणि हातकामाची वाढती किंमत यांचा मेळ कसा घालावा, हा तो प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

कोपनहेगनमधील कॅबिनेटमेकरांचा, म्हणजे फर्निचर घडविणाऱ्या कसबी सुतारांचा, गिल्ड १५५४ साली स्थापन झाला. युरोपातील इतर गिल्डांप्रमाणेच उमेदवारीचे नियम ठरविणे, कामाची परीक्षा घेणे आणि व्यवसायावर नियंत्रण ठेवणे ही त्याची कार्ये होती. १८५७ च्या व्यवसायस्वातंत्र्याच्या कायद्याने गिल्डांचे विशेषाधिकार संपुष्टात आणले आणि १८६२ पासून त्याची अंमलबजावणी झाली. अधिकार गेले तरी व्यावसायिकांची संघटना म्हणून गिल्ड टिकून राहिला, उमेदवारीची परंपराही टिकली. इंग्लंडसारख्या देशात औद्योगिकीकरणाच्या रेट्याने कारागिरांची जी वाताहत झाली, ती डेन्मार्कमध्ये तेवढ्या तीव्रतेने झाली नाही. लहान कार्यशाळा विसाव्या शतकातही पुष्कळ प्रमाणात शिल्लक होत्या.

दुसरी महत्त्वाची बाब सहकाराची होय. १८६६ साली थिस्टेड येथे डेन्मार्कमधील पहिले सहकारी ग्राहक भांडार सुरू झाले. १८८२ मध्ये येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. १८९६ साली ग्राहक भांडारांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली व ती 'एफडीबी' या नावाने ओळखली जाऊ लागली. अनेकांनी एकत्र येऊन खरेदी करावी, वस्तूची गुणवत्ता स्वतः तपासावी आणि मध्यस्थाचा नफा वाचवावा, ही वृत्ती त्यामुळे समाजात रुजली होती. पुढे फर्निचरच्या क्षेत्रात या वृत्तीचा फार उपयोग झाला.

कोरे क्लिंट व मापनाचे शिक्षण :

डॅनिश आधुनिक फर्निचरचा पाया घालण्याचे श्रेय कोरे क्लिंट (१८८८-१९५४) यांना दिले जाते. वास्तुकार वडिलांच्या हाताखाली त्यांची जडणघडण झाली. १९१४ साली फोबोर्ग येथील कलासंग्रहालयासाठी त्यांनी केलेली हलकी, वेताने विणलेली खुर्ची ही या परंपरेची नांदी समजली जाते. १९२४ मध्ये कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत फर्निचरच्या शिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला व त्याची धुरा क्लिंट यांच्याकडे आली. पुढे १९४४ साली ते प्राध्यापक झाले.

क्लिंट यांच्या अध्यापनाची दोन सूत्रे होती. पहिले सूत्र मापनाचे. कपाट किती खोल असावे हे ठरविण्यापूर्वी त्यात काय ठेवायचे आहे हे मोजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. सदरे, चादरी, टेबलावरील कापड, ताटल्या, पेले अशा घरगुती वस्तूंची मापे विद्यार्थी घेत. माणसाचे शरीर बसताना, वाकताना, हात उंचावताना किती जागा व्यापते याचाही अभ्यास होई. अशा मोजमापांच्या आधारे कमीत कमी जागेत जास्तीत जास्त वस्तू नीट मावतील अशी कपाटे क्लिंट यांनी तयार केली. मानवी शरीराला अनुरूप वस्तूंची रचना करणाऱ्या शास्त्राला पुढे 'एर्गोनॉमिक्स' हे नाव सर्वत्र रूढ झाले. क्लिंट यांच्या वर्गात त्याचे धडे त्याआधी कित्येक वर्षे दिले जात होते.

दुसरे सूत्र पूर्वपरंपरेच्या अभ्यासाचे. जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध संस्थेच्या विचारसरणीत इतिहासाशी नाते तोडून नव्याने आरंभ करण्यावर भर होता. क्लिंट यांची भूमिका नेमकी उलट होती. अठराव्या शतकातील इंग्लिश खुर्च्या, अमेरिकेतील शेकर पंथीयांचे साधे फर्निचर, चिनी खुर्च्या, प्राचीन इजिप्तमधील घडीचे स्टूल अशा जुन्या नमुन्यांची विद्यार्थी बारकाईने मापे घेत व आरेखने करीत. त्यात नक्कल करण्याचा उद्देश नसे. एखादा नमुना शतकानुशतके का टिकला, त्यातील अनावश्यक भाग कोणता आणि आवश्यक सांगाडा कोणता, हे ओळखण्याची दृष्टी त्यातून तयार होई.

या पद्धतीचे एक उदाहरण भारतीय वाचकाला विशेष रोचक वाटेल. क्लिंट यांची १९३३ सालची 'सफारी चेअर' ही रुरकी येथील लष्करी खुर्चीवरून सिद्ध झाली आहे. रुरकी हे आज उत्तराखंडात असलेले गाव ब्रिटिश अमदानीत लष्कराच्या बंगाल सॅपर्स या अभियंता पथकाचे केंद्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे प्रवासात नेण्याजोगी, सुटी करून गुंडाळता येणारी एक खुर्ची विकसित झाली व 'रुरकी चेअर' या नावानेच ती प्रसिद्ध झाली. तिचे पाय व आडवे दांडे कातकाम केलेले असून दांड्यांची निमुळती टोके पायांतील छिद्रांत नुसती बसविलेली असतात. तेथे सरस नाही, खिळाही नाही. माणूस बसला की कापडावर ताण येतो, त्या ताणाने दांडे आत ओढले जातात आणि सांधे आपोआप घट्ट होतात. सांधे लवचीक असल्याने उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. आफ्रिकेतील सफरींच्या छायाचित्रांतून ही खुर्ची क्लिंट यांच्या पाहण्यात आली. मूळ तत्त्व कायम ठेवून त्यांनी तिची मापे सुधारली, लाकडाची जाडी नेमकी केली आणि घरात शोभेल असे रूप तिला दिले. निनावी कारागिरांनी गरजेपोटी शोधलेली युक्ती अकादमीच्या अभ्यासकाने आदराने स्वीकारली, हे येथे लक्षणीय आहे.

गिल्डची वार्षिक प्रदर्शने :

१९२० नंतरच्या दशकात कोपनहेगनमधील कॅबिनेटमेकर अडचणीत आले होते. कारखान्यात तयार होणारे स्वस्त फर्निचर आणि परदेशी माल यांच्याशी त्यांना स्पर्धा करावी लागत होती. जुन्या राजेशाही शैलींच्या नकला करण्यातच त्यांचे कौशल्य खर्ची पडत होते. यावर उपाय म्हणून गिल्डने १९२७ साली आपल्या सभासदांच्या कामाचे प्रदर्शन भरविले. तेव्हापासून १९६६ पर्यंत सलग चाळीस वर्षे ही प्रदर्शने दरवर्षी भरत राहिली. एप्रिल १९४० ते मे १९४५ या काळात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता, तरीही त्यांत खंड पडला नाही.

१९३३ पासून प्रदर्शनाला आरेखनांच्या स्पर्धेची जोड मिळाली. तरुण वास्तुकार व डिझायनर आपली आरेखने पाठवीत आणि निवडक आरेखने कॅबिनेटमेकर प्रत्यक्षात उतरवीत. यातून आरेखन करणारा आणि घडविणारा यांच्या जोड्या जमल्या. फिन यूल व नील्स वॉडर, हान्स वेग्नर व योहानेस हान्सन, ओले वान्शर व ए. जे. इव्हर्सन या जोड्यांचे सहकार्य दीर्घकाळ चालले. या संबंधात कारागीर केवळ हुकूम पाळणारा नव्हता. एखादा वक्र भाग लाकडाच्या रेषांच्या विरुद्ध जात असेल तर तो तेथे तुटेल, हे तो डिझायनरला सांगे, आणि आरेखन बदले. उलटपक्षी, जे अशक्य वाटते ते करून पाहण्याचे धाडसही डिझायनरच्या आग्रहामुळे कारागिराच्या अंगी येई.

या प्रदर्शनांना सामान्य नागरिक मोठ्या संख्येने येत आणि वृत्तपत्रांतून त्यांची सविस्तर, कधी कठोर समीक्षा होई. नव्या प्रयोगांची थट्टाही होई. मात्र दरवर्षी ठरलेल्या वेळी नवे काम लोकांपुढे ठेवायचेच आहे, या बंधनामुळे प्रयोगांना सातत्य लाभले. विक्रीची खात्री नसतानाही एखादा नमुना घडविण्याची संधी मिळणे ही डिझायनरच्या दृष्टीने अमूल्य गोष्ट होती.

हान्स वेग्नर : सांध्याचे सौंदर्य

हान्स वेग्नर (१९१४-२००७) हे जर्मनीच्या सीमेजवळील ट्योनर या गावातील एका चर्मकाराचे पुत्र होत. किशोरवयातच त्यांनी एका कॅबिनेटमेकरकडे उमेदवारी केली व नंतर कोपनहेगनच्या कला व हस्तकला विद्यालयात शिक्षण घेतले. प्रथम हाताला कसब आणि मग बुद्धीला आरेखन, हा क्रम या पिढीतील अनेकांच्या बाबतीत आढळतो. मोगेन्सन व पॉल केअरहोल्म यांचे शिक्षणही याच क्रमाने झाले.

१९४४ साली वेग्नर यांनी चीनमधील जुन्या खुर्च्यांवरून प्रेरणा घेऊन एक खुर्ची तयार केली. त्याच कल्पनेचे उत्तरोत्तर सुलभीकरण करीत १९४९ मध्ये ते दोन विख्यात खुर्च्यांपर्यंत पोहोचले. त्यांपैकी पहिली 'राउंड चेअर'. या खुर्चीत पाठ आणि हात यांची मिळून एकच सलग वक्ररेषा आहे. ती लाकडाचे तुकडे जोडून साधलेली असते. आरंभीच्या नमुन्यात पाठीवरील सांधे वेताच्या विणीखाली झाकलेले होते. नंतर वेग्नर यांनी दोन हातांची बोटे परस्परांत गुंतवावीत तसा दातेरी सांधा वापरला आणि तो उघडा ठेवला. जोड लपविण्याऐवजी तोच अलंकार झाला. १९५० साली अमेरिकेतील 'इंटिरिअर्स' या नियतकालिकाने या खुर्चीला ठळक प्रसिद्धी दिली. पुढे २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी व निक्सन यांच्यातील पहिला दूरचित्रवाणी वादविवाद झाला, तेव्हा दोन्ही उमेदवारांसाठी याच खुर्च्या मांडल्या होत्या.

दुसरी खुर्ची 'विशबोन' या नावाने ओळखली जाते. ओडेन्स येथील कार्ल हान्सन यांच्या कारखान्यासाठी आरेखित केलेल्या या खुर्चीचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले व ते आजतागायत अखंड चालू आहे. तिची अर्धवर्तुळाकार वरची पट्टी वाफेवर लाकूड मऊ करून वाकविली जाते. पाठीला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची फळी असते. बैठक कागदाच्या पिळदार दोरीने हाताने विणतात. एका खुर्चीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते. युद्धकाळात परदेशी साहित्याची टंचाई असताना प्रचारात आलेली ही कागदी दोरी टिकाऊ ठरली आणि नंतरही कायम राहिली. या खुर्चीचे बरेच भाग यंत्रावर तयार होतात, परंतु विणकाम व अखेरची सफाई हातानेच होते. यंत्र व हात यांच्यातील ही श्रमविभागणी डॅनिश फर्निचरचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

फिन यूल : परंपरेबाहेरची वाट

सर्वच डिझायनर क्लिंट यांच्या परंपरेतील नव्हते. फिन यूल (१९१२-१९८९) हे शिक्षणाने वास्तुकार होते आणि आधुनिक शिल्पकलेचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मोजमापापेक्षा आकाराच्या अभिव्यक्तीला त्यांनी प्राधान्य दिले. त्यांच्या खुर्च्यांत भार वाहणारा लाकडी सांगाडा आणि प्रत्यक्ष बसण्याचा भाग हे एकमेकांपासून वेगळे दाखविलेले असतात. त्यामुळे बैठक जणू अधांतरी तरंगते आहे असा भास होतो. १९४० सालच्या 'पेलिकन' खुर्चीची समीक्षकांनी टिंगल केली. मात्र १९४५ व १९४९ मधील त्यांच्या खुर्च्यांनी मत बदलावयास लावले. १९४९ ची भव्य खुर्ची 'चीफटन' या नावाने ओळखली जाते.

यूल यांनी काढलेले नाजूक, अस्थींसारखे निमुळते होत जाणारे आकार प्रत्यक्षात उतरविणे नील्स वॉडर यांच्यासारख्या निष्णात कारागिरामुळेच शक्य झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाशी संबंधित असलेल्या एडगर कॉफमन यांनी १९४८ मध्ये लेख लिहून यूल यांचा अमेरिकेला परिचय करून दिला. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयातील विश्वस्त मंडळाच्या सभागृहाची अंतर्गत रचना यूल यांनी केली. एका लहान राष्ट्राने जागतिक संस्थेला दिलेली ती कलात्मक देणगी होती. प्रदर्शनाच्या व्यवस्थेने क्लिंट यांच्या शिष्यांबरोबरच त्यांच्या विरोधी वाटेने जाणाऱ्यालाही व्यासपीठ दिले, ही बाब तिच्या निकोपपणाची द्योतक आहे.

सहकारी चळवळ आणि 'लोकांची खुर्ची' :

गिल्डच्या प्रदर्शनातील फर्निचर उत्कृष्ट होते, पण ते महाग होते. कामगाराच्या दोन खोल्यांच्या घरात ते पोहोचणे शक्य नव्हते. या मर्यादेला उत्तर देण्याचा प्रयत्न एफडीबी या सहकारी संस्थेने केला. १९४२ साली संस्थेने स्वतःचे फर्निचर आरेखन कार्यालय उघडले व त्याच्या प्रमुखपदी क्लिंट यांचे विद्यार्थी बोर्गे मोगेन्सन (१९१४-१९७२) यांची नेमणूक केली. मोगेन्सन १९५० पर्यंत या पदावर होते.

मोगेन्सन यांच्यापुढील काम कठीण होते. देशात सहज मिळणारे बीचसारखे लाकूड, साधी यंत्रे, कमी सुटे भाग आणि तरीही सुबक व दणकट वस्तू, अशी ती मागणी होती. १९४७ मधील त्यांची 'जे-३९' ही खुर्ची या दृष्टीने आदर्श मानली जाते. शेकर पंथीयांच्या खुर्चीचा वारसा सांगणाऱ्या या खुर्चीला गोल पाय, रुंद व किंचित वक्र पाठीची फळी आणि कागदी दोरीची विणलेली बैठक आहे. त्यात कोठेही अलंकार नाही. तिला 'लोकांची खुर्ची' असे नाव पडले. तिचे उत्पादन आजही होते.

एफडीबीच्या कार्यक्रमात एक शैक्षणिक हेतूही होता. त्या काळी सामान्य कुटुंबाची ऐपत झाली की एकसारख्या, जड व चकचकीत फर्निचरचा पूर्ण संच घेण्याची प्रथा होती. लहान खोलीत तो संच मावत नसे आणि पाहुण्यांसाठी राखलेली खोली एरवी बंद राही. त्याऐवजी गरजेनुसार एकेक हलकी वस्तू घ्यावी, असा विचार संस्थेने लोकांपुढे मांडला. घरातील जागा दिखाव्यासाठी आहे की राहण्यासाठी, हा मूलभूत प्रश्न त्यातून उपस्थित झाला. जुनी अभिरुची एकाएकी बदलत नाही, हेही या प्रयत्नांतून स्पष्ट झाले. तथापि मापनाची परंपरा पुढे चालू राहिली. मोगेन्सन यांनी वास्तुकार ग्रेटे मायर यांच्यासह १९५० नंतरच्या दशकात घरगुती वस्तूंच्या मापांचा नव्याने अभ्यास करून भिंतीलगतच्या कपाटांची एक जुळणीक्षम पद्धती विकसित केली. क्लिंट यांच्या वर्गातील सदरे व ताटल्या मोजण्याचा पाठ येथे प्रत्यक्ष उत्पादनात उतरलेला दिसतो.

कारखाना व नवी सामग्री :

डॅनिश आधुनिक फर्निचर म्हणजे केवळ लाकूड व हातकाम, ही समजूत अपुरी आहे. पीटर हविड व ओर्ला मोलगार्ड-नील्सन यांनी १९४७ पासून फ्रिट्झ हान्सन या कारखान्यासाठी विकसित केलेल्या 'एएक्स' खुर्चीत लाकडाचे पातळ थर सरसाने जोडून वाकविण्याचे तंत्र वापरले होते. ती सुट्या भागांत दूरदेशी पाठविता येत असल्याने वाहतुकीचा खर्च वाचे.

वास्तुकार आर्ने याकोबसन (१९०२-१९७१) यांनी याच कारखान्यासाठी १९५२ मध्ये 'अँट' ही खुर्ची केली. नोव्हो या औषधनिर्मिती कंपनीच्या उपाहारगृहासाठी तिची योजना होती. पाठ व बैठक मिळून प्लायवूडचा एकच पत्रा दोन दिशांनी वाकविलेला असतो. पाठ व बैठक जेथे मिळतात तेथे लाकडावर ताण येऊन ते तडकण्याचा धोका असतो. म्हणून तेथील भाग अरुंद केला आणि त्यातूनच मुंगीच्या कमरेसारखा आकार सिद्ध झाला. म्हणजे येथेही रूप हे सामग्रीच्या मर्यादेतूनच जन्मले. १९५५ ची 'सीरिज सेव्हन' ही तिची पुढील आवृत्ती कारखान्यातून लाखोंच्या संख्येने बाहेर पडली. कोपनहेगनमधील एसएएस हॉटेलसाठी १९५८ मध्ये त्यांनी 'एग' व 'स्वान' या खुर्च्या केल्या, तर पॉल केअरहोल्म (१९२९-१९८०) यांनी कॅबिनेटमेकराच्या काटेकोरपणाने पोलादाला हाताळले. ग्रेटे याल्क (१९२०-२००६) व नाना डिट्झेल (१९२३-२००५) या दोघींनीही सुतारकामाचे रीतसर शिक्षण घेऊन या पुरुषप्रधान क्षेत्रात स्वतःचे स्थान निर्माण केले. याल्क यांनी पुढे गिल्डच्या चाळीस वर्षांच्या प्रदर्शनांचा चार खंडांतील इतिहास संपादित करून या परंपरेचे दस्तऐवजीकरण केले.

निर्यात, लौकिक आणि ऱ्हास :

१९३१ साली कोपनहेगनमध्ये 'डेन पर्मानेन्टे' हे कायमस्वरूपी प्रदर्शन व विक्रीकेंद्र स्थापन झाले होते. युद्धोत्तर काळात परदेशी पाहुण्यांसाठी ते आकर्षणाचे स्थान बनले. १९५४ ते १९५७ या काळात 'डिझाइन इन स्कँडिनेव्हिया' हे प्रदर्शन अमेरिका व कॅनडातील संग्रहालयांतून फिरले. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात डॅनिश कलेचे मोठे प्रदर्शन भरले. युद्धानंतर अमेरिकेत उपनगरांतून नवी घरे झपाट्याने उभी राहत होती. बाउहाउसच्या पोलादी नळ्यांपेक्षा डेन्मार्कचे ऊबदार लाकूड तेथील मध्यमवर्गाला अधिक जवळचे वाटले.

मागणी वाढली तशी सामग्रीही बदलली. बीच व ओक यांच्या बरोबरीने आग्नेय आशियातील सागवान मोठ्या प्रमाणावर वापरात आले. सागवानातील सिलिकाच्या कणांमुळे हत्यारांची धार लवकर बोथट होते. कठीण धातूच्या पात्यांमुळे कारखान्यांना त्यावर मात करता आली. त्याचप्रमाणे ब्राझीलच्या रोझवूडचाही वापर झाला. या वृक्षाची पुढे इतकी हानी झाली की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध लागू झाले. साधेपणाचा पुरस्कार करणाऱ्या या चळवळीच्या लौकिकाची किंमत दूरदेशीच्या अरण्यांनीही मोजली, हे सत्य नजरेआड करता येत नाही.

१९६० नंतरच्या दशकात चित्र पालटू लागले. लोकप्रियतेबरोबर नकला वाढल्या व 'डॅनिश' हे विशेषण कोणत्याही सागवानी फर्निचरला लावले जाऊ लागले. प्लॅस्टिकसारख्या नव्या सामग्रीने आणि इटालियन डिझाइनच्या रंगीबेरंगी प्रयोगांनी तरुणांचे लक्ष वेधले. स्वतः डॅनिश असलेल्या व्हेर्नर पॅन्टन यांची एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची १९६७ मध्ये डेन्मार्कबाहेर उत्पादित झाली, ही घटना पुरेशी बोलकी आहे. मजुरीचे दर वाढले आणि हातकाम परवडेनासे झाले. उमेदवारांची संख्या घटली, लहान कार्यशाळा एकामागून एक बंद पडल्या. १९६६ साली गिल्डचे शेवटचे प्रदर्शन झाले. डेन पर्मानेन्टेही १९८१ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी काही कॅबिनेटमेकर व डिझायनर यांनी नव्याने वार्षिक शरद प्रदर्शनाचा प्रारंभ केला, ही समाधानाची बाब होय. परंतु पूर्वी या प्रदर्शनांमागे शेकडो कार्यशाळांचा जो आधार होता, तो परत येणे शक्य नव्हते.

येथे प्रस्तावनेत उल्लेखिलेली विसंगती स्पष्ट होते. सर्वांसाठी उत्तम वस्तू या ध्येयाने प्रेरित झालेल्या परंपरेतील अनेक खुर्च्या आज श्रीमंतांच्या संग्रहातील मौल्यवान वस्तू ठरल्या आहेत. दुसरीकडे, स्वस्त फर्निचर सर्वांपर्यंत पोहोचविण्याचे काम प्रचंड कारखान्यांनी केले, पण त्यात टिकाऊपणा व दुरुस्तीयोग्यता यांचा बळी गेला. 'जे-३९' सारखी खुर्ची या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे. तिसरा मार्ग शक्य होता, याचा तो पुरावा होय. मात्र त्यासाठी मोगेन्सन यांच्या कौशल्याइतकीच ग्राहकांच्या संघटित संस्थेचीही गरज होती.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) डॅनिश आधुनिक फर्निचरचे यश व्यक्तिगत प्रतिभेइतकेच शिक्षण, गिल्ड, सहकार व कारखाना या संस्थांच्या परस्परपूरक कार्याचे फलित आहे.

२) परंपरेचा चिकित्सक अभ्यास व आधुनिकता यांत विरोध नाही. क्लिंट यांनी रुरकीच्या लष्करी खुर्चीपासून सफारी चेअर सिद्ध केली, वेग्नर यांनी चिनी खुर्चीपासून विशबोन. दोन्ही ठिकाणी जुन्याचे नेमके मोजमाप हीच नव्याची पहिली पायरी ठरली.

३) उमेदवारी व उच्च शिक्षण यांचा संयोग हा या परंपरेचा कणा होता. ज्याने आरेखन केले त्याला लाकडाचा स्वभाव ठाऊक होता आणि ज्याने ते घडविले त्याच्या शब्दाला मान होता. हाताने करावयाचे शिक्षण आणि विद्यापीठीय शिक्षण यांत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव मानणाऱ्या कोणत्याही शिक्षणव्यवस्थेने यावर विचार करणे आवश्यक आहे.

४) उत्तम वस्तू सामान्य माणसापर्यंत पोहोचविणे हे केवळ डिझायनरच्या सदिच्छेवर अवलंबून नसते. एफडीबीसारखी ग्राहकांची संघटित संस्था पाठीशी नसेल, तर लोकांसाठी योजलेली वस्तूही कालांतराने लोकांच्या आवाक्याबाहेर जाते.

गिल्डची प्रदर्शने थांबली, कार्यशाळा मिटल्या, परंतु त्या काळात घडविलेल्या खुर्च्या अजून वापरात आहेत. त्यांच्या बैठकीची दोरी झिजली की ती पुन्हा विणता येते, सांधा सैल झाला तर तो पुन्हा बसविता येतो. वस्तू दुरुस्त करता यावी अशा रीतीने ती घडविणे हा त्या कारागिरांच्या दृष्टीने व्यवसायाचा साधा शिष्टाचार होता. वापरून फेकून देण्याच्या आजच्या काळात या शिष्टाचाराचे मोल अधिकच जाणवते.